पाणलोटाची रेषा आणि पाण्याचा हिशेब

महाराष्ट्रातले कोणतेही शिवार घ्या, ते कुठल्या ना कुठल्या पाणलोटाच्या नकाशावर आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने अख्ख्या राज्याची सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत विभागणी करून प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक दिला आहे. नागपूरच्या ‘एमआरसॅक’ या सुदूर संवेदन केंद्राकडे उपग्रहचित्रांवरून केलेले नाले, माती आणि जमीनवापराचे नकाशे आहेत. गावपातळीवर कृषी आणि मृद व जलसंधारण खात्यांचे आराखडे आहेत. तरी मार्च सरला की टँकरचे प्रस्ताव तहसील कचेरीत पोचतात, आणि ते बहुतेक ओळखीच्याच गावांकडून येतात. नकाशे एवढे असताना अडते कुठे, हा या आढाव्याचा विषय आहे. पाणलोटाचे रेखांकन आणि त्यातल्या पाण्याची नियमित मोजणी या दोन कामांचा पन्नासेक वर्षांचा प्रवास, त्याभोवती तयार झालेल्या भूमिका आणि अजून न सुटलेले प्रश्न इथे क्रमाने मांडले आहेत.

पार्श्वभूमी: दुष्काळी कामांपासून पाणलोटापर्यंत

पडलेल्या पावसातून ओढ्याला किती पाणी येते, याचे कोष्टक मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झाले. स्ट्रेंज नावाच्या अभियंत्याने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या नोंदींवरून पाणलोटांची चांगले, मध्यम आणि हलके अशी प्रतवारी केली आणि प्रत्येकासाठी अपधावाचे, म्हणजे वाहून येणाऱ्या पाण्याचे, प्रमाण दिले. तलाव बांधणाऱ्याला किती पाणी जमेल हे कळावे, एवढाच त्याचा हेतू होता. गंमत अशी, की शंभर वर्षे उलटून गेल्यावरही गावाच्या जलआराखड्यात अपधाव काढताना हीच ‘स्ट्रेंजची कोष्टके’ समोर ठेवली जातात.

पाणलोट हा नियोजनाचा विषय झाला तो १९७२ च्या दुष्काळामुळे. भूजल यंत्रणा त्याच वर्षी उभी राहिली. रोजगार हमीवर हजारो पाझर तलाव, नाला बांध आणि बांधबंदिस्तीची कामे झाली. पण काम कुठे काढायचे हे बऱ्याचदा मजूर कुठे आहेत यावर ठरत होते. एका गावात पायथ्याला बंधारा आणि माथा उघडाबोडका, असे चित्र सर्रास होते. वरून येणारी माती दोन-चार पावसाळ्यांत बंधारा भरून टाकी. यावर उपाय म्हणून १९८३ च्या सुमारास सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम आला. कामे विखुरलेली न करता एका पाणलोटात, माथ्याकडून पायथ्याकडे करावीत, हे सूत्र तेव्हापासून सरकारी भाषेत रुळले.

याच काळात सरकारबाहेरही प्रयोग चालू होते. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून निराळा प्रश्न विचारला: अडवलेले पाणी कोणाचे? त्यांनी पाण्याचा हक्क जमिनीऐवजी माणशी ठरवला, भूमिहीनांनाही त्यात वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी माथा ते पायथा उपचार आणि लोकवर्गणी यांची सांगड घातली. फादर हरमन बाखर यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने गटनंबरनिहाय आराखड्याची पद्धत आणली; शेतकरी नवरा-बायकोने आपल्या शेतात उभे राहून कुठला उपचार हवा ते सांगायचे आणि तेच कागदावर उतरायचे. १९९४ मध्ये हनुमंत राव समितीने केंद्राच्या पाणलोट कार्यक्रमांसाठी सुमारे ५०० हेक्टरचे एकक सुचवले. २००८ च्या समान मार्गदर्शक सूचनांनी ते १,००० ते ५,००० हेक्टरच्या समूहापर्यंत वाढवले. एककाचा आकार दहापट बदलला तरी पाणलोट हेच एकक, यावर मात्र एकमत होते. ते पुढे राहिले नाही.

नकाशा कसा तयार होतो

पाणलोटाची हद्द म्हणजे पावसाचे पाणी दोन बाजूंना विभागणारी रेषा. पूर्वी ती भारतीय सर्वेक्षण खात्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांवर हाताने काढत. सह्याद्रीच्या किंवा बालाघाटच्या डोंगराळ भागात हे सोपे असते. पण वीस मीटर अंतराच्या समोच्च रेषांवर अकोला-बुलडाण्याकडच्या पूर्णेच्या सपाट खोऱ्यात दोन ओढ्यांमधला दुभाजक ठरवणे म्हणजे अंदाजच. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकन अंतराळयानाने अकरा दिवसांत जगाच्या बहुतांश भूभागाची उंची रडारने मोजली. २००५ मध्ये इस्रोचा कार्टोसॅट-१ आला. त्यानंतर जमिनीच्या उंचीचा तीस मीटरच्या चौकटींचा आराखडा संगणकात घालून पाण्याचा उतार काढणे हे काही तासांचे काम झाले.

या सोयीला मर्यादा आहेत. तीस मीटरच्या चौकटीला शेताचा बांध दिसत नाही, रस्त्याचा भराव दिसत नाही, त्याखालची बुजलेली मोरी तर नाहीच. सपाट भागात मात्र पाणी कुठे वळते हे याच गोष्टी ठरवतात. म्हणून चांगल्या आराखड्यात संगणकाची रेषा हा कच्चा मसुदा धरतात आणि शिवारफेरीत गावकऱ्यांबरोबर ती तपासतात.

दुसरा मुद्दा पातळ्यांचा. देशाच्या मृदा व भूमीवापर सर्वेक्षणाने १९९० च्या नकाशासंग्रहात भारताची ६ प्रदेश, ३५ खोरी, ११२ पाणलोट विभाग, ५०० उपविभाग आणि ३,२३७ पाणलोट अशी उतरंड मांडली. महाराष्ट्राच्या भूजल यंत्रणेचे पाणलोट सरासरी दोनशे चौरस किलोमीटरचे आहेत. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये राज्य २५ उपखोऱ्यांत विभागले. आणि गावात काम चालते ते पाचशे-हजार हेक्टरांच्या सूक्ष्म पाणलोटात. प्रत्येक पातळीचा नकाशा आपापल्या कामापुरता बरोबर आहे. खालच्या पातळीची आकडेवारी वरच्या पातळीत मिळवण्याची रीत मात्र अजून पक्की झालेली नाही.

मोजणी: चार रकाने

पाणलोटाचा ताळेबंद मांडायचा तर चार गोष्टी कळाव्या लागतात: पाऊस किती पडला, वाहून किती गेला, जमिनीत किती मुरला, आणि पिकांतून व उपशातून किती गेला.

पावसाची मोजणी अलीकडे सुधारली आहे. २०१७ पासून ‘महावेध’खाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. तरी एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर येतात, आणि वळवाचा किंवा परतीचा पाऊस एका शिवारात कोसळून शेजारच्या शिवाराला कोरडे ठेवतो. याचा परिणाम हिशेबात पाहता येतो. पाचशे हेक्टरच्या पाणलोटावर ५०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २५ लाख घनमीटर, सरकारी मापात २,५०० टीसीएम (हजार घनमीटर) पाणी. त्यात फक्त दहा मिलिमीटरची चूक झाली तर ५० हजार घनमीटर इकडचे तिकडे होतात. पाटाने भिजवलेल्या दोनेक हेक्टर उसाचे ते वर्षभराचे पाणी झाले.

वाहून गेलेल्या पाण्याची स्थिती अधिक कच्ची आहे. नदीमापन केंद्रे मोठ्या नद्यांवर आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५ पासून टप्प्याटप्प्याने चाललेल्या जलविज्ञान प्रकल्पामुळे, ज्याचे राज्यातले मुख्य ठिकाण नाशिक आहे, या जाळ्याची गुणवत्ता वाढली. पण सूक्ष्म पाणलोटाच्या तोंडाशी, नाला गाव सोडतो तिथे, मापन जवळपास कुठेच नाही. तिथे स्ट्रेंजची कोष्टके किंवा माती-उतार-पीक यांवर आधारलेली गणिती सूत्रे वापरतात. आयआयटी मुंबईच्या गटाने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी केलेले जलताळेबंदाचे साधन हे या दिशेचे मोठे पाऊल. मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव भागांतल्या सुमारे पाच हजार गावांच्या या प्रकल्पात रोजचा पाऊस, मातीचा पोत आणि पीक धरून अपधाव व ओलावा काढला गेला. तरी हे अनुमानच; नाल्यावरच्या प्रत्यक्ष मापनाशी ताडून पाहण्याची सोय थोड्याच ठिकाणी आहे.

भूजलासाठी यंत्रणेच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेतली जाते. इतक्या दीर्घ, सलग नोंदी फार थोड्या राज्यांकडे असतील. मात्र पातळीवरून साठा काढताना खडक आडवा येतो. राज्याचा सुमारे ८२ टक्के भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. मुरूम आणि मांजऱ्या खडक पाणी धरतो, खालचा अखंड पाषाण जवळजवळ धरत नाही. अशा खडकात साधारण दोन टक्के जागा पाण्याची असे धरले, तर पाचशे हेक्टरवर विहिरींची पातळी एक मीटर वाढणे म्हणजे एक लाख घनमीटर. तेच प्रमाण एक टक्का धरले की साठा निम्म्यावर येतो. विहिरीत टेप सोडून घेतलेले माप तेच, खडकाविषयीचे गृहीतक बदलले की उत्तर दुप्पट किंवा निम्मे.

चौथा रकाना उपशाचा, आणि तो सर्वांत रिकामा आहे. कृषिपंपांची आकारणी मोठ्या प्रमाणात अश्वशक्तीवर होत आली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाली, आणि सौर पंपांना तर बिलाचाच संबंध नाही. त्यामुळे विजेच्या वापरावरून उपसा काढण्याचा मार्ग अरुंद होत चालला आहे. उपग्रहावरून पिकांच्या बाष्पीभवनाचा अंदाज घेणे हा पर्याय पुढे येतो आहे. गुरुत्वाकर्षणातल्या बदलांवरून भूजल मोजणारे ‘ग्रेस’ उपग्रह २००२ पासून आहेत, पण त्यांची नजर काही शे किलोमीटरांच्या पट्ट्यांवर असते. पंजाब-हरयाणासाठी ती उपयोगी, पुरंदरच्या एका ओढ्यासाठी नाही.

चार भूमिका

या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे मतभेद वरवर तांत्रिक वाटतात. मुळात ते पाण्याचा हिशेब कोणत्या हद्दीत करायचा, यावरचे आहेत.

पहिली भूमिका पाणलोटाची. पाणी उताराने जाते, म्हणून नियोजन उताराच्या हद्दीत व्हावे. माथ्यावर सलग समतल चर आणि गवत, मधल्या उतारावर बांधबंदिस्ती, खाली नाल्यावर बंधारे, असा क्रम पाळला तर माती थांबते आणि खालची कामे टिकतात. या मांडणीमागे तीस-चाळीस वर्षांचा अनुभव आहे, आणि मृद्संधारणापुरता तिला फारसा कोणी विरोध करत नाही.

दुसरी भूमिका जलधराची, म्हणजे पाणी धरणाऱ्या खडकाच्या थराची. पुण्याची ‘ॲक्वाडॅम’ ही संस्था आणि हिमांशू कुलकर्णी यांच्यासारखे भूशास्त्रज्ञ ती सातत्याने मांडत आले आहेत. जमिनीखालचे पाणी वरचा दुभाजक मानत नाही. खडकाचे थर, भेगा आणि डाइक (खडकाच्या उभ्या भिंती) यांच्या हद्दी निराळ्या असतात. एका पाणलोटात मुरलेले पाणी शेजारच्या पाणलोटातल्या विहिरीत निघू शकते. म्हणून पाणलोटाबरोबर खडकाचाही नकाशा हवा, आणि पुनर्भरणाची जागा त्यावरून ठरावी. केंद्रीय भूजल मंडळाने २०१२ ते २०२३ या काळात देशभर जलधरांचे नकाशे केले, ते याच विचारातून. आक्षेप असा, की ते नकाशे गावाला निर्णय घेता येईल इतके बारीक नाहीत, आणि तितके बारीक करायला लागणारे भूशास्त्रज्ञ तालुक्यात नाहीत.

तिसरी भूमिका गावाची. आराखडा कोणत्याही हद्दीत करा, पण निर्णय ग्रामसभा घेते, निधी ग्रामपंचायतीला येतो, दुष्काळ तालुक्याला जाहीर होतो. लोक गाव म्हणून एकत्र येतात, पाणलोट म्हणून नाही. म्हणून हिशेब गावशिवाराचा मांडावा. अशाने उपाय झटपट आणि लोकांच्या हाती राहतात. पण गावाच्या वेशीवर हिशेब तुटतो.

चौथी भूमिका खोऱ्याची. वरच्याने अडवलेला प्रत्येक थेंब खालच्याच्या वाट्यातून जातो. कमी पावसाच्या खोऱ्यात पाणलोट विकास यशस्वी झाला की खालच्या धरणात येणारे पाणी घटते, असे या भूमिकेचे म्हणणे. गोदावरी खोऱ्यात हा वाद मोठ्या धरणांपुरता कायद्यापर्यंत गेला. मेंढेगिरी समितीच्या अभ्यासानंतर २०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला, की ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक-अहिल्यानगरमधल्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे. लाखो बंधारे आणि शेततळी मात्र या समन्यायी हिशेबाच्या बाहेर आहेत. पाणलोटवाद्यांचे उत्तर असे, की लहान कामांतला साठा मोठ्या धरणांच्या तुलनेत थोडा असतो, त्यातला काही भाग ओढ्याला झऱ्यांच्या रूपाने परत येतो, आणि डोंगरमाथ्यावरच्या गावाने पहिला हक्क का सोडावा?

गावांचा अनुभव

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा कमी चर्चिला जाणारा भाग मोजणीचा आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने १९९० च्या दशकात पाणलोटाची कामे केली. पुढे पावसाळा संपल्यावर गावातला पाऊस आणि विहिरींची पातळी पाहून जलअंदाजपत्रक मांडायचे, आणि रब्बीत कोणते पीक किती घ्यायचे हे ग्रामसभेत ठरवायचे, अशी प्रथा पडली. सिंचनासाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, हे निर्बंध त्याआधीचे. अंदाजपत्रक अचूक असल्यामुळे गाव चालले असे म्हणता येणार नाही. आकडा सभेत वाचला जात होता आणि त्याप्रमाणे पीक बदलत होते, हे महत्त्वाचे.

जालना जिल्ह्यातले कडवंची दुसरे टोक दाखवते. १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमाखाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या सोबतीने तिथे पाणलोटाची कामे झाली. गाव द्राक्षांकडे वळले, उत्पन्न वाढले, आणि शेकडो शेततळी आली. समर्थकांना ती दुष्काळातली हमी वाटते. टीकाकारांचे म्हणणे असे, की प्लास्टिकचे अस्तर लावून विहिरीतून भरलेले शेततळे म्हणजे सामाईक भूजल उघड्यावर आणून खासगी करणे, शिवाय उन्हाने वाफ होऊ देणे. दोन्ही बाजूंना तथ्य आहे. कोणते शेततळे अपधावावर भरते आणि कोणते विहिरीवर, याची वेगळी नोंद नसल्याने वाद मिटत नाही.

साताऱ्यातल्या कोरेगाव तालुक्यातले रणदुल्लाबाद तिसरा मार्ग सुचवते. तिथे भूशास्त्रज्ञांनी जलधर समजावून सांगितले, गावकऱ्यांनी विहिरींची पातळी नोंदवली, आणि नव्या बोअरना आवर घातला. अशी गावे मोजकी. ‘पानी फाउंडेशन’च्या वॉटर कप स्पर्धेने २०१६ ते २०१९ मध्ये हजारो गावांना उताराची भाषा आणि साध्या मोजमापाची साधने दिली. स्पर्धा संपल्यावर ती मोजणी किती गावांत टिकली, हा पुढच्या अभ्यासाचा विषय.

मूल्यमापनाचा पेच

मोजणी अपुरी असली की मूल्यमापनाचे काय होते, हे जलयुक्त शिवार अभियानाने दाखवले. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानात दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करण्याचे उद्दिष्ट होते. नाला खोलीकरण-रुंदीकरणावर त्यात विशेष भर राहिला. त्यामागे शिरपूरच्या प्रयोगाची प्रेरणा होती. भूशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी तापी खोऱ्यातल्या त्या भागात खोल, रुंद नाले आणि बंधाऱ्यांची साखळी करून पाणी मुरवले होते. आक्षेप तेव्हाच आले: शिरपूरचा काही भाग गाळाचा आहे, तिथले गणित सरसकट कठीण पाषाणात चालणार नाही, खोलीकरणाने जलधर फोडला तर साठलेले पाणी वाहूनच जाईल, आणि माथा सोडून पायथ्याला यंत्र लावणे म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचीच चूक.

२०२० मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. सुमारे ९,६३३ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवणे आणि भूजल पातळी वाढवणे यांवर अभियानाचा परिणाम मर्यादित राहिला, असे निरीक्षण त्यात होते. अभियानाच्या बाजूने सांगितले गेले, की मधली काही वर्षे अवर्षणाची होती, २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. कामे नसती तर स्थिती याहून बिकट झाली असती. या युक्तिवादाची कसोटी लावायला शेजारचे, तसाच खडक आणि तसाच पाऊस असलेले, पण कामे न झालेले पाणलोट आधीपासून मोजलेले हवे होते. तशी रचना नव्हती. परिणामी साठवण क्षमतेचे टीसीएम एका बाजूला, विहिरींच्या पातळ्या दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असूनही एकमेकांशी बोलत नाहीत. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. हा प्रश्न त्याच्याही पुढे आहे.

कायदा आणि आकड्याचे वजन

भूजलावर जमीनमालकाचा हक्क हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेले तत्त्व. महाराष्ट्राने १९९३ मध्ये सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विनापरवाना विहिरींना मनाई केली. २००९ चा भूजल कायदा १ जून २०१४ पासून लागू झाला आणि त्याने मोठी झेप घेतली: पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समित्या, अधिसूचित क्षेत्रात भूजल वापर आणि पीक नियोजन, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन. कागदावर पाणलोटाच्या समितीला कायदेशीर अस्तित्व मिळाले. नियमांचा मसुदा हरकतींसाठी यायला मात्र २०१८ उजाडले, आणि साठ मीटरची मर्यादा बोअरच्या गाड्यांना अडवताना फारशी दिसत नाही.

दरम्यान मूल्यांकनाची पद्धत पुढे गेली. १९८४ आणि १९९७ नंतर आलेल्या २०१५ च्या राष्ट्रीय पद्धतीनुसार उपसा पुनर्भरणाच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित आणि त्यापुढे अतिशोषित. राज्याची सरासरी अलीकडे पन्नास ते पंचावन्न टक्क्यांच्या दरम्यान असते, म्हणजे दिलासादायक. पण संत्र्याच्या वरुड-मोर्शीत आणि केळीच्या रावेर-यावलमध्ये चित्र वर्षानुवर्षे उलटे आहे. पाणलोटनिहाय काढलेले आकडे तालुक्यात मिसळून प्रसिद्ध होतात, तेव्हा तालुक्यातला एक कोरडा आणि एक ओला पाणलोट मिळून ‘सुरक्षित’ ठरू शकतो.

डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या अटल भूजल योजनेने सात राज्यांत आणि महाराष्ट्राच्या १३ जिल्ह्यांत गावाच्या हाती मोजणी देण्याचा प्रयत्न केला: पर्जन्यमापक, निरीक्षण विहिरी, जाहीर फलक, जलसुरक्षा आराखडे. निधीचा काही भाग आकडे सार्वजनिक करण्याशी आणि पातळीतली घसरण थांबवण्याशी जोडला, हे तिचे वेगळेपण.

दुसरे टोक: अबुधाबी

पाऊसच नाममात्र असलेल्या ठिकाणी हाच हिशेब कसा मांडतात, हे पाहण्यासाठी अबुधाबीचे उदाहरण घेऊ. मोहम्मद बिन झायद सिटी हे तिथल्या मुख्य भूमीवरचे, मुसफ्फाहला लागून असलेले निवासी उपनगर. इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ओढा, नाला, माथा-पायथा असे काही दिसत नाही. नळाला येते ते खारेपणा काढलेले समुद्राचे पाणी. वर्षाकाठी शंभर मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या या प्रदेशात पाणलोटाचा प्रश्न संपलेला असेल, असे वाटू शकते. तसे नाही. शेती आजही मुख्यतः भूजलावर चालते, आणि त्यातले गोडे पाणी फार थोडे. अल ऐनच्या मरुद्यानांना पोसणारे फलज, म्हणजे डोंगरपायथ्याचे भूजल उताराने आणणारे प्राचीन पाट, उपशामुळे आटत गेले. रास अल खैमाच्या वादी बिह आणि फुजैराच्या वादी हाम या कोरड्या नद्यांवर बांधलेल्या बंधाऱ्यांचा हेतू आपल्या पाझर तलावासारखाच, पूर अडवून मुरवण्याचा आहे.

फरक दोन ठिकाणी आहे. एक, मालकी: २०१६ च्या कायद्याने अबुधाबीत भूजल अमिरातीच्या मालकीचे ठरले, विहीर परवान्याने, उपसा मीटरने. पर्यावरण संस्थेने एक लाखाहून अधिक विहिरींची नोंद केली. दोन, साठा: लिवाच्या वाळूखाली २.६ कोटी घनमीटर शुद्ध पाणी मुरवून ठेवले आहे, सुमारे दहा लाख लोकांना तीन महिने पुरेल असे. तिथे किती भरले, किती काढले याचा हिशेब लागतो, कारण भरणारा आणि काढणारा एकच आहे. महाराष्ट्रात लाखो विहिरींचे लाखो मालक. तो नमुना इथे उचलून ठेवता येणार नाही. एक मर्यादा मात्र दोन्हीकडे सारखीच आहे. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळच्या खतम अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस झाला, आणि सरासरीवर बेतलेले निचऱ्याचे अंदाज तोकडे पडले. आपल्याकडचे बरेचसे जलताळेबंदही सरासरी पावसावर उभे असतात.

काय ठरले, काय बाकी

आज एवढे निश्चित म्हणता येते. माथा ते पायथा हा क्रम मृद्संधारणासाठी योग्य आहे. पृष्ठभागावरचा पाणलोट आणि खालचा जलधर हे दोन वेगळे नकाशे आहेत आणि दोन्ही लागतात. गावाने स्वतः मोजलेला आकडा बाहेरून आलेल्या अधिक अचूक आकड्यापेक्षा निर्णयात जास्त उतरतो.

चार प्रश्न बाकी आहेत. सूक्ष्म पाणलोटांतल्या कामांची बेरीज खोऱ्याच्या हिशेबात कशी धरायची, म्हणजे जायकवाडीसारख्या वाटपात बंधारे आणि शेततळी मोजायची की नाहीत? खासगी उपसा मीटरशिवाय कसा कळणार, आणि मीटर लावला तर त्याला शेतकऱ्याची संमती कशी मिळणार? कामे होण्याआधीची, तुलनेच्या पाणलोटासह मोजणी खर्चात धरायची का? आणि अनेक गावांच्या पाणलोटात निर्णयाचा अधिकार कोणाला, कायद्यातल्या समितीला की ग्रामसभेला?

चौथ्या प्रश्नावर पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे अवलंबून आहेत. आतापर्यंतच्या कार्यक्रमांनी पाणी अडवण्याच्या जागा शोधण्यासाठी नकाशे वापरले. पाणी किती काढायचे हे ठरवण्यासाठी ते फार थोड्या गावांनी वापरले. नवी साधने मोजणीतली चूक कमी करतील, पण मोजलेल्या आकड्याने कोणाचे पीक, कोणाचा बोअर किंवा कोणाचे आवर्तन बदलणार नसेल तर ती अचूकता वाया जाईल. म्हणून पुढच्या टप्प्यात आणखी बारीक नकाशांच्या आधी, भूजल कायद्यातल्या पाणलोट समित्या काही निवडक पाणलोटांत प्रत्यक्ष बसवून, त्यांच्या हाती दरवर्षीचा ताळेबंद देऊन पाहावा. त्या समित्या चालतात की नाही, हे तीन-चार हंगामांत कळेल. आणि ते कळल्यावर या वादातल्या निम्म्या भूमिका आपोआप तपासल्या जातील.